घरची गाडी : जुनी डिझेल जीप दारात आली, आधी काय कराल?



न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. जपानहून तिकडे गेलेली टोयोटा हायलक्स सर्फ त्यांनी नुकतीच घेतली. गाडी १९९६ सालची, तीन लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह. यजमान कामासाठी पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतात. मुलांची शाळा, डोंगर उतरून बाजारहाट, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे यांच्याच अंगावर. विकणारा म्हणाला, "गाडीचं सगळं केलेलं आहे." कागद मात्र एकही नाही. हाताशी पैसे बेताचे. त्या विचारतात, "सीटची कव्हरं फाटलीत, रंगही उडालाय. आधी कशावर खर्च करू?"

ताई, कव्हरे आणि रंग राहू द्या. त्यांच्यावाचून गाडी वाटेत अडत नाही. आपण नव्या बिऱ्हाडात जातो तेव्हा पाण्याची टाकी आधी धुऊन घेतो ना? "मागच्यांनी धुतली असेल" म्हणून त्यातले पाणी पोरांना पाजत नाही. जुन्या गाडीचेही तसेच. ज्या कामाचा कागद नाही, ते काम झालेलेच नाही असे धरून चालायचे. मग आधी काय, नंतर काय, हे आपोआप ठरते.

पहिले काम : टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या पुढच्या अंगाला झाकणाआड एक दातेरी रबरी पट्टा असतो. वाल्व कधी उघडायचे, हे त्याच्या तालावर चालते. तुमच्या इंजिनात तो दर १,००,००० किलोमीटरला बदलायचा असतो. चालत्या गाडीत तो तुटला तर वाल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. मग दुरुस्तीचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. शिवाय तो तुटण्याआधी आवाज करील, सूचना देईल, अशी खात्री नाही.

अंतर भरले की समोरच्या फलकावर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. पण दिवा लागलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बरं का! पट्टा न बदलताही तो दिवा विझवता येतो. म्हणून पट्टा बदलून घ्याच, आणि त्याला ताणून धरणारी लहान चाकेही त्याच वेळी बदला. खोलण्याची मजुरी एकदाच पडते. जुना पट्टा मेकॅनिककडून मागून घ्या. मागायला लाजायचे कारण नाही, पैसे आपले आहेत.

दुसरे काम : पाणी, म्हणजे कूलंट. या इंजिनाचे मुख्य दुखणे म्हणजे उष्णता. फार तापले की वरच्या हेडला तडा जातो, हा या इंजिनाचा जुना लौकिक. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. प्रेशर कुकरपेक्षा ते कमी नाही, वाफ तोंडावर येते. कूलंट स्वच्छ रंगाचे आणि काठोकाठ असावे. गंजाचे तांबूस पाणी किंवा तेलाचा तवंग दिसला तर गाडी थेट मेकॅनिककडे न्या.

आणखी काही खुणा सांगते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे रेडिएटरचे पाइप सकाळीही टणक फुगलेले लागणे, इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येणे, वरचेवर पाणी कमी होणे. अशा वेळी मेकॅनिकला सांगा, "इंजिनातला धूर पाण्यात येतो का, ते तपासा." त्यासाठी एक द्रव मिळतो. पाण्यात धूर मिसळत असेल तर त्याचा रंग बदलतो. चाचणी स्वस्त आहे, हेड महाग आहे.

खूण नसली तरी जुने कूलंट काढून आतून धुऊन घ्या. कंपनीने सांगितलेल्या जातीचेच नवे भरा, नुसते नळाचे पाणी नको. पाइप, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा जोड पाहून घ्या. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल बाहेरून हलक्या पाण्याने काढा. घाट चढताना तापमानाच्या काट्यावर एक नजर असू द्या. काटा मधल्या जागेवरून वर सरकू लागला की गाडी बाजूला घेऊन थांबायचे. "एवढा चढ संपवते" असे मुळीच म्हणायचे नाही.

तिसरे काम : तेले. हो, अनेकवचनीच! इंजिनाचे एक तेल आपल्याला ठाऊक असते. पण फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल अशी आणखी चार ठिकाणे असतात. विसरतात ती हीच. डिफरन्शियलचे तेल दुधाळ झाले असेल तर नदीनाल्यातले पाणी आत गेले म्हणून समजा. कोणत्या ठिकाणी कोणते तेल, ते पुस्तक पाहून ठरवा. पुस्तक जपानीत असेल तर त्याच इंजिनाचे इंग्रजी पुस्तक मिळवा.

घरी कोणी हे काम करणार असेल तर एक गोष्ट बजावून सांगा : आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा काढा. नाहीतर तेल सगळे वाहून जाते, वरचा बोल्ट गंजून बसलेला असतो आणि गाडी अंगणात अडकते. इंजिनाचे तेल आणि त्याचा फिल्टर मात्र दर ५,००० किलोमीटरला बदलत जा. डिझेल इंजिनाचे तेल काळे दिसतेच, त्याने घाबरू नका. झाकणाखाली सायीसारखा फेस दिसला तर मात्र चौकशी करा.

चौथे काम : डिझेल आणि हवा. डिझेल फिल्टर नवा घाला. त्याच्या तळाशी साठलेले पाणी सोडायला छोटी चावी असते. फिल्टर बदलल्यावर वरच्या हातपंपाने डिझेल भरून घ्यावे लागते, नाहीतर गाडी सुरू होताना रडवते. हवेचा फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला.

पाचवे काम : ब्रेक, टायर आणि गंज. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून तेही नवे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर भरवशाचा नाही. मागे खाली टांगलेली स्टेपनी एकदा उतरवून पाहा, आणि चाक बदलायचा सराव दिवसाउजेडी अंगणात करा. जपानच्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून चॅसिस आणि ब्रेकच्या नळ्यांना खालून गंज आहे का, हे जॅकवर नव्हे तर गॅरेजच्या लिफ्टवर चढवून पाहून घ्या.

आणि हो, पुस्तकात पार्ट-टाइम फोर-व्हील लिहिले असेल तर तो गिअर कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकू नका. वळणावर पुढची-मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, तो ताण आतल्या चाकांवर येतो. मात्र महिन्यातून एकदा ओल्या गवतावर किंवा मातीच्या रस्त्यावर थोडे चालवा, म्हणजे वेळेला गिअर पडतो.

पैसे पुरत नसतील तर या महिन्यात पहिली दोन कामे करा. त्याबरोबर ब्रेक दाखवून घ्या, त्यात तडजोड नको. पुढच्या महिन्यात तेले आणि फिल्टर. कव्हरांना तोवर जुनी चादर चालेल.

आपल्याकडे ज्यांच्या दारात जुनी डिझेल गाडी आहे, त्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी किंवा दातेरी चक्रे असतात, तेवढे मेकॅनिकला विचारून घ्या.

आणि एक वही घाला. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या आपण, हा का नाही ठेवणार? पुढे गाडी विकाल तेव्हा "सगळं केलेलं आहे" असे तोंडी सांगायची वेळ येणार नाही. वही पुढे करा, पुरे!