शेवटच्या सफेतले तिघे



हिवाळ्यात नणंदेची मुलगी धुळ्याहून आठ दिवस आमच्याकडे जळगावला राहायला आली होती. चौथीत शिकते. दप्तर सोबत होतं, म्हणून वही चाळली. एका गणितावर लाल फुली होती. २३ भागिले ५. तिने लिहिलं होतं, भागाकार ३, बाकी ८. खाली बरोबर उत्तर पाच वेळा लिहून घेतलेलं. "मुमानी, मला भागाकार येतच नाही," म्हणत तिने वही ओढून घेतली.

मी तिच्या उत्तराचा विचार करत राहिले. पाच त्रिक पंधरा आणि आठ, तेवीस. बेरीज जुळते. पोरीने वाटायचं लवकर थांबवलं होतं, एवढंच. हे फुलीवरून कळत नाही आणि पाच वेळा लिहूनही कळत नाही.

घरात मेहरूणची बोरं आली होती. त्यातली २३ मोजली, पाच बशा मांडल्या. एकेक बोर टाकत तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा मी तिचा हात धरला. "तुझं गणित इथवर आलंय. किती उरली?"

"आठ."

"मग?"

"अजून एक फेरी होते ना!" चौथ्या फेरीनंतर तीन उरली. पाच बशांना तीन पुरेनात. बाकी भाजकापेक्षा लहान असते, हे वाक्य तिला पाठ होतं. ते खरं का, हे बशांनी दाखवलं.

पण ही झाली वाटणी. पाच-पाचचे गट करणं हाही भागाकारच, आणि तो आपण घरी फारसा दाखवत नाही. त्यासाठी चिंचोके घेतले आणि चटईवर सफा लावल्या. पुढची सफ भरल्याशिवाय मागची सुरू करायची नाही, कमी पडेल ती शेवटच्या सफेत, हे आपल्या घरातल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. चार सफा भरल्या, शेवटच्या सफेत तिघे. तेच मग चौकटीच्या वहीत ठिपक्यांनी काढलं. पडताळा त्या चित्रातच असतो: पाच चोक वीस आणि तीन, तेवीस.

भागाकार ४, बाकी ३ हे ठरलं, तरी त्या तिघांचं काय करायचं ते प्रश्नावर अवलंबून. एका थाळाभोवती पाच पाहुणे बसतात आणि पाहुणे २३ आहेत, तर थाळ किती? चार म्हणाल तर तिघे उपाशी. खिशात २३ रुपये आणि पुडा ५ रुपयांचा असेल, तर मात्र पुडे चारच. २३ भाकरी पाच घरांत द्यायच्या तर उरलेल्या तीन मोडूनही वाटता येतात. अपूर्णांक तिथूनच सुरू होतात. फुगे असले तर तेही नाही! असे प्रश्न मुलांनाच बनवू द्या. आमच्याकडे त्यावरून संध्याकाळभर भांडण चाललं होतं.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांनाच ते जमलं. माझ्या पाहण्यात मुलं अडकतात ती 'पुढचा अंक खाली घ्या' या पायरीवर. खाली घ्यायचा म्हणजे काय, हे कुणी सांगतच नाही. १० रुपयांच्या सात नोटा आणि एकेक रुपयाची तीन नाणी घ्या. ७३ रुपये चौघांत वाटा. प्रत्येकाला एक नोट, तीन नोटा उरल्या. त्या फाडायच्या नाहीत, मोडून आणायच्या. तीस नाणी आली, आधीची तीन मिळवली, तेहतीस. प्रत्येकाला आठ, एक उरलं. म्हणजे भागाकार १८, बाकी १. मांडणीतला तो 'खाली घेतलेला' तीन म्हणजे बाजूला ठेवलेली तीन नाणी.

एक भाऊ उर्दू शाळेत आणि बहीण मराठी शाळेत, अशी घरं जळगाव-धुळ्यात पुष्कळ. अम्मीला वाटतं, दोघांना एकदम कसं शिकवू? भाज्य म्हणजे मकसूम, भाजक म्हणजे मकसूम अलैह, भागाकार म्हणजे खारिजे किस्मत. चौथा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, बाकी. अरबीतून आलेला, उरणारा या अर्थाचा. चिंचोक्यांना तर भाषाही लागत नाही.

परवा धुळ्याहून फोन आला. "मुमानी, बोरं चारच असती तर?"

मी म्हटलं, सफ लावून बघ. पलीकडे चिंचोके पडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ शांतता.

"एकही सफ भरत नाही. भागाकार शून्य, बाकी चार." आणि लगेच, "पण मग पहिली सफच शेवटची ना?"