संग्रहालयाचे दाते आणि त्यांचा हिशेब

एखाद्या इतिहाससंग्रहालयाची वार्षिक सभा जवळ आली, की देणगीदारांच्या सत्काराची सिद्धता सुरू होते. शाली आणल्या जातात, श्रीफळे मोजली जातात, सन्मानचिन्हावरील नावात काना-मात्रेची चूक राहू नये म्हणून छापखान्यात पुन्हा खेप घातली जाते, आणि ज्याने भरघोस रक्कम दिली त्याला पहिल्या रांगेत व ज्याने बेताची दिली त्याला मागल्या रांगेत बसविण्याचा जो अलिखित मानक्रम आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ झाला आहे, तो येथेही निमूटपणे पाळला जातो. या सोहळ्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. देवळाच्या कळसाला आणि उत्सवाच्या मांडवाला ज्या समाजात पैशाची कधी ददात पडली नाही, त्याच समाजात जुन्या कागदांना आणि मोडक्या शस्त्रांना पैसा देणारा माणूस विरळा असतो, आणि अशा विरळ्या माणसाच्या खांद्यावर कोणी आदराने शाल घातली तर त्यात वावगे काही नाही. माझे म्हणणे एवढेच, की संग्रहालयाच्या दात्याचे ऋण शालीने फिटत नाही. ते फेडण्याची जागा सभागृह नसून दफ्तरखाना आहे. दात्याने दिलेल्या रकमेचा वा वस्तूचा पुढे काय विनियोग झाला, हे ज्या संस्थेला मागताक्षणी नोंदवही उघडून दाखविता येते, तीच संस्था कृतज्ञ म्हणावी.

आपल्या प्रांती ही दृष्टी नवी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरविलेला जो दानलेख आहे, तो मला राजस्तुतीपेक्षा जमाखर्चाचा नमुना म्हणून अधिक मोलाचा वाटतो. लेणे संघाला अर्पण करून हा गृहस्थ थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली, त्यांपैकी २००० दरमहा शेकडा १ या दराने आणि उरलेले १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने, मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही आणि केवळ व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा अशा स्पष्ट शर्तीवर. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, असे लेख सांगतो, आणि कोणीही पाटीवर आकडे मांडून पाहिले तर वर्षाचे व्याज बरोबर २४० भरते. हिशेब आजही जुळतो. त्याहून मार्मिक गोष्ट अशी, की हे सर्व निगमसभेत जाहीर करून रीतसर दफ्तरी दाखल केल्याचाही उल्लेख त्यात आहे. उषवदाताला आत्मप्रशंसेचे वावडे होते असे मुळीच नव्हे. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात त्याने आपण तीन लक्ष गाई दान दिल्याचे ठणकावून सांगितले आहे, आणि त्या गाई कोणी मोजल्या हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु विणकरांकडील ठेवीविषयी मात्र अशी शंका घेण्यास त्याने जागाच ठेवली नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दुसराच प्रकार दिसतो. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह सिद्धीस नेले, असा अभिमानाचा लेख तेथे आहे खरा. पण आत जाऊन खांब पाहू लागावे तो एकावर धेनुकाकटच्या यवनाचे नाव, दुसऱ्यावर तसल्याच कोणा परस्थाचे, आणि दर्शनी भागी सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या एका गांधिकाचे. ज्याने जेवढे दिले तेवढ्यावरच त्याचे नाव. एका खांबाचा दाता दुसऱ्या खांबावर हक्क सांगत नाही आणि श्रेष्ठीचे मोठेपण गांधिकाचे नाव पुसून टाकीत नाही. प्रवेशद्वाराशी संगमरवरी फलक लावून आतल्या वस्तूंना निनावी ठेवणाऱ्या आजच्या विश्वस्तांनी एकदा सवडीने कार्ल्यास जाऊन यावे.

मुंबईच्या दोन मोठ्या संग्रहालयांचा पूर्वेतिहास हा एका अर्थी वर्गणीचाच इतिहास आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालयाची पायाभरणी १८६२ साली झाली आणि दारे उघडली ती १८७२ साली. मधल्या काळात कापसाची तेजी येऊन गेली, १८६५ साली बाजार कोसळला आणि वर्गणीचा ओघ आटला. ही वर्गणी उभी करण्यात नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे पुढे होते. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करून जुन्या दात्यांची नावे उजेडात आणणारा हा वैद्य आपल्या काळच्या दात्यांपुढे झोळी घेऊन उभा राहिला, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्याचे नाव त्या संग्रहालयाला मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. पुढे इमारतीस अवकळा आली, तेव्हा महानगरपालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन तिचा जीर्णोद्धार केला आणि २००८ साली ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. सरकारी मालकी आणि खाजगी औदार्य एका छपराखाली नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ती इमारत पाहावी.

आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या संग्रहालयाचे आकडे तर विचार करावयास लावणारे आहेत. इमारतीसाठी सरकारने ३ लाख रुपये दिले, म्युनिसिपालिटीने अडीच लाख, आणि सर करीमभाई इब्राहिम या एकट्या व्यापाऱ्याने सरकारच्या बरोबरीने ३ लाख. सर कावसजी जहांगीर यांनी ५० हजारांची भर घातली. इमारत १९१५ साली पुरी झाली, महायुद्धामुळे तिचे लष्करी इस्पितळ झाले, आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ साली उघडली. परंतु भिंती म्हणजे संग्रहालय नव्हे. सर रतन टाटा १९१८ साली निवर्तले आणि त्यांचा कलासंग्रह त्यानंतर येथे आला. त्यांचे बंधू सर दोराबजी १९३२ साली गेले आणि त्यांचा संग्रह १९३३ साली आला. ज्याने आयुष्यभर हौसेने जमविलेले आपल्या पश्चात लोकांच्या स्वाधीन केले, त्याला सभेचे निमंत्रण पाठविता येत नाही आणि त्याच्या गळ्यात हारही घालता येत नाही. त्याचे आभार मानण्याचा उरलेला मार्ग एकच, आणि तो म्हणजे त्या वस्तू धूळ, दमट हवा आणि आळशी अधिकारी यांच्यापासून सांभाळणे.

मुंबई श्रीमंतांची, पुण्याचे दाते वेगळे. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच्याजवळ ना इमारत होती ना गंगाजळी. त्याचे एक संस्थापक इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतपूर्व काळातील पत्रांचा; आणि पुढचे खंड भरले ते खेडोपाडी पायपीट करून, माळ्यावरची दफ्तरे खाली उतरवून. जुने कागद देणे म्हणजे अडगळ काढून टाकणे, असा आज पुष्कळांचा समज असतो, परंतु त्या पिढीतील वतनदाराच्या घरी कागदाला काय मोल होते हे इनाम कमिशनचा इतिहास जाणणाऱ्यालाच कळेल. १८५२ च्या कायद्याने सनदांची चौकशी सुरू झाली, ज्याला पुरावा दाखविता आला नाही त्याची जमीन खालसा झाली, आणि तेव्हापासून दफ्तराचा रुमाल परक्याच्या हाती द्यावयाचा नाही ही घराघरांत शिस्तच होऊन बसली. अशा घरातील कोणी कर्ता पुरुष भाऊबंदांचा रोष पत्करून एका फाटक्या अंगरख्याच्या संशोधकाला जेव्हा म्हणाला, “न्या हे, पण जपून ठेवा,” तेव्हा त्याने जे दिले त्याची बरोबरी लाखांच्या देणगीशीही होणार नाही. त्याने आपली शाश्वती दिली.

असा एखादा रुमाल सोडून पाहावा. आत लांबट घड्यांचे हातकागद असतात, घडीच्या रेषेवर झिजून विरलेले. बोरूने लिहिलेल्या मोडी अक्षरांवर शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण क्वचित अजूनही बोटाला लागतात. कडेला कसरीने खाऊन नागमोडी वाट काढलेली असते, आणि ती नेमकी तारखेतून किंवा आकड्यातून गेलेली असावयाची हा तर सर्व संशोधकांचा अनुभव. या कागदाला पातळ जपानी कागदाचे अस्तर लावणे, तो आम्लरहित वेष्टनात ठेवणे, त्याचे वाचन करून सारांश लिहिणे आणि तो कोणाच्या दफ्तरातून आला हे सूचीत नमूद करणे, ही कामे करणारा माणूस कोणत्याही समारंभात दिसत नाही. मंडळाने आणि इतर संशोधकांनी कागदपत्रे छापताना ती कोणत्या घराण्याच्या संग्रहातील आहेत हे मथळ्यात देण्याची जी प्रथा पाडली, तिच्याइतके निर्दोष आभारप्रदर्शन मला दुसरे ठाऊक नाही. शंभर वर्षांनी कोणा अभ्यासकाने तळटीप लिहिली, की त्यात त्या घराण्याचे नाव पुन्हा येते, आणि त्यासाठी कोणाला भाषण करावे लागत नाही.

पुण्यातच दिनकर गंगाधर केळकर यांचे उदाहरण आहे, आणि ते या सर्व हिशेबांत न बसणारे आहे. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू गावोगाव फिरून जमविल्या, त्यासाठी संसाराची ओढाताण पत्नी कमलाबाईंसह सोसली, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले, आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातील तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. येथे संग्राहक, संस्थापक आणि दाता एकच. पण ज्या घरांतून त्या वस्तू निघाल्या, ज्या म्हातारीने कोनाड्यातली समई काढून दिली किंवा नाइलाजाने विकली, तिचे नाव बहुधा कोठेच नाही. आणि केळकरांसारख्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना या अज्ञात घरांचीही आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते.

कृतज्ञतेची एक विकृतीही आहे, आणि तिच्याविषयी बोलावयास आपल्याकडे सहसा कोणी धजत नाही. पुष्कळ घराणी सनदा आणि तलवारी आनंदाने देतात, परंतु भाऊबंदकीचे कज्जे, सावकाराची तगाद्याची पत्रे आणि पूर्वजाने ऐन लढाईत काढता पाय घेतल्याचा मजकूर मागे ठेवतात. काही तर वस्तू देताना तिच्यापुढील पाटीवर काय लिहावे याचा मसुदाही सोबत जोडतात. मिंधेपणाने मान तुकविणारा अभिरक्षक अशा वेळी तो मसुदा जसाच्या तसा रंगवून टाकतो, आणि कोणा सरदाराने वापरलेली म्हणून जी तलवार काचेत विराजमान होते, तिचे पाते त्या सरदाराच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी घडविलेले असते. देणगीदाराला नाही म्हणण्याची हिंमत नसलेले संग्रहालय त्याचा उपमर्दच करते. कारण दात्याच्या वस्तूला उद्याचा अभ्यासक जी किंमत देईल ती संस्थेच्या सत्यनिष्ठेवर अवलंबून असते, आणि एक पाटी खोटी ठरली की शेजारच्या खऱ्या पाट्यांवरचाही विश्वास उडतो. दालनाला नाव देण्यास माझी हरकत नाही. दालनातील इतिहासाला नाव देऊ नये.

दात्यांकडेही थोडे मागणे आहे. आपल्याकडे इमारतीला पैसा मिळतो, कारण इमारतीवर कोनशिला बसते. काचेच्या कपाटाला मिळतो, कारण कपाटावर पितळी पट्टी बसते. पण वाळवीचा बंदोबस्त, कारकुनाचा पगार, पावसाळ्यातील दमटपणा शोषून घेणारे यंत्र आणि त्याचे विजेचे बिल यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्यांना कोणी पैसा देत नाही. भिक्षूंच्या वस्त्रांची तजवीज करणाऱ्या प्राचीन दात्याला जे सुचले ते करसवलतीची पावती मागणाऱ्या आजच्या दात्यास सुचू नये, याचे नवल वाटते. संस्थांनीही यात पुढाकार घेऊन वार्षिक अहवालात देणगीदारांची नुसती नामावळी छापण्याऐवजी, कोणाच्या रकमेतून कोणते बाड दुरुस्त झाले, कोणत्या दालनाचे छप्पर गळावयाचे थांबले आणि कोणती वस्तू अजून वेष्टनातच पडून आहे, हे निःसंकोच सांगावे. दिलेली वस्तू पाहण्यासाठी घराण्यातील माणसे आली, तर त्यांना तिकीटखिडकीशी ताटकळत न ठेवता आवक-नोंदवहीत तिचा क्रमांक काढून ती दाखविण्याची सोय असावी. वस्तू कोठारात असेल तर कोठारात न्यावे, आणि ती सापडत नसेल तर तसे लेखी कळवावे.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कोठे काही दिले असेल, त्यांनी घरातील जुनी पोचपावती शोधून संबंधित संग्रहालयास एक साधे पत्र लिहावे, आणि आमची वस्तू आज कोठे व कशी आहे एवढेच त्यात विचारावे. चांगल्या संस्थेला असे पत्र आल्याचा आनंदच होईल. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर तेच पत्र पुन्हा पाठवावे, या वेळी पोच मिळेल अशा टपालाने.