हवे ते दान पडेपर्यंत

विद्यार्थी मित्रहो, सोंगट्यांच्या पटावर मनासारखे दान पडले नाही म्हणून पट उधळून देणाऱ्या गड्याच्या खेळाला आपण ‘रडीचा डाव’ म्हणतो. मोबाइलवरील काही खेळांत मात्र हाच रडीचा डाव राजरोस खेळला जातो आणि त्यात कोणी वावगे मानीत नाही. त्याचे नाव ‘रीरोल’. तुमच्यापैकी अनेकांना हा शब्द चांगला परिचित असेल. तुमच्या शिक्षकांना कदाचित नसेल. माझे मत असे की, रीरोल हा संभाव्यतेच्या गणिताचा एक सुरेख धडा आहे. पण त्याची सवय प्रयोगशाळेत शिरली, तर ती विज्ञानाच्या मुळावर येते. या दोन्ही गोष्टी मी येथे मांडणार आहे.

प्रथम रीरोल म्हणजे काय ते पाहू. जपानमध्ये नाणे टाकून मूठ फिरवली की बंद डबीतून एखादे खेळणे बाहेर पडते, अशी यंत्रे असतात. मूठ फिरण्याच्या आणि डबी पडण्याच्या आवाजावरून त्यांना ‘गाचापोन’ म्हणतात. डबीत कोणते खेळणे निघेल हे आधी कळत नाही. हीच कल्पना मोबाइलच्या खेळांत आली आणि त्यांना ‘गाचा’ खेळ हे नाव पडले. अशा खेळात योद्धे, जादूगार वगैरे पात्रे सोडत काढून मिळवावी लागतात. दुर्मीळ पात्र बलवान असते. नव्या खेळाडूला सुरुवातीला काही सोडती फुकट मिळतात. त्यांतून चांगले पात्र निघाले नाही, तर मुले ते खाते टाकून देतात, नवे खाते उघडतात आणि सुरुवातीचा भाग पुन्हा खेळून पुन्हा सोडत काढतात. हवे ते दान पडेपर्यंत हा उद्योग चालतो.

आपल्या सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. तेथे वस्तूंवर कडी टाकण्याच्या खेळात प्रत्येक फेरीला पैसे मोजावे लागतात, म्हणून आपण थोडक्यात आवरते घेतो. मोबाइलवरील पहिल्या सोडती फुकट असतात, म्हणून आवरते घेण्याचे कारणच उरत नाही, असे वाटते. ते खरे आहे का? हिशेब करून पाहू.

फुकट सोडतीची किंमत

समजा, एका खेळात दुर्मीळ पात्र मिळण्याची शक्यता प्रत्येक सोडतीला १ टक्का आहे आणि नव्या खात्याला १० सोडती मिळतात. तर शक्यता १० टक्के झाली, असे पुष्कळजण म्हणतील. पण ते अगदी बरोबर नाही. एका सोडतीत पात्र न मिळण्याची शक्यता ०.९९. दहाही सोडती रिकाम्या जाण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९०४. म्हणून निदान एक पात्र मिळण्याची शक्यता सुमारे ९.६ टक्के. याचा व्यस्त काढला, तर सरासरी साडेदहा खाती उघडावी लागतील असे दिसते. एका खात्याला २० मिनिटे धरली, तर हे साडेतीन तासांचे काम झाले.

पण ही झाली सरासरी. शंभर मुलांनी प्रत्येकी दहा खाती उघडली, तर त्यांपैकी सुमारे ३७ मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. वीस खात्यांनंतरही सुमारे १३ जण रिकामेच राहतील. आता एखाद्याने हट्ट धरला की, पहिल्या दहा सोडतींत एक नव्हे, दोन दुर्मीळ पात्रे हवीत. ही शक्यता हजारात चारच्या किंचित वर आहे. म्हणजे सरासरी २३४ खाती, आणि वेळ ७८ तास! अपेक्षा एकाची दोन झाली, पण किंमत दुप्पट न होता बावीसपट झाली. फुकट मिळालेल्या वस्तूसाठी कोणते नाणे खर्ची पडते हे यावरून ध्यानात येईल. ते नाणे म्हणजे तुमचा वेळ.

“इतक्या वेळा रिकामे गेले, आता लागलेच पाहिजे,” असे म्हणून मुले पुढे खेळत राहतात. फाशाला किंवा सोडतीला मागची आठवण नसते. दहा खाती वाया गेल्यावरही पुढे लागणाऱ्या खात्यांची सरासरी साडेदहाच राहते. ती एकाने देखील कमी होत नाही. काही खेळांत ठराविक सोडतींनंतर दुर्मीळ पात्र देण्याची हमी असते, हे खरे. २०२० साली आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात सर्वोच्च दर्जाचे पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि ९० सोडतींत एक तरी निघेलच असा नियम आहे. पण ही यदृच्छेची कृपा नव्हे. निर्मात्याने घातलेला तो मोजणीचा नियम आहे. खाते टाकून दिले की ती मोजणीही पुन्हा शून्यापासून सुरू होते.

हे आकडे खेळाडूंना कळावेत म्हणून जगात थोडे प्रयत्न झाले आहेत. ठराविक पात्रांचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस, अशी ‘कंप्लीट गाचा’ पद्धत जपानने २०१२ साली बेकायदा ठरवली. ॲपल कंपनीने २०१७ च्या अखेरीस आपल्या दुकानातील अशा खेळांना शक्यतांचे आकडे जाहीर करण्याची अट घातली. आकडे आता जाहीर असतात. ते वाचून त्यांचा गुणाकार करणे मात्र आपल्या हाती आहे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक फासा घ्यावा. तो दोनदा टाकणे हा एक डाव. दोन्ही वेळा सहा पडले, तर डाव जिंकला. नाही तर पुन्हा पहिल्यापासून. जिंकायला किती डाव लागले, ते फळ्यावर लिहावे.

शक्यता ३६ मध्ये १ आहे, म्हणून सरासरी ३६ च्या आसपास येईल. पण फळ्यावरील आकडे नीट पाहा. निम्म्याहून अधिक मुले पंचविसाव्या डावापर्यंत मोकळी झालेली असतील. साठ मुलांच्या वर्गात तीन-चार मुलांना मात्र शंभराहून अधिक डाव लागतील. या मुलांनी काही चूक केलेली नसते, आणि तिसऱ्या डावात जिंकणाऱ्याजवळ काही खास कसब नसते.

आता असे समजा की, दहा डावांच्या आत जिंकणाऱ्यांनीच आपला आकडा सांगितला आणि बाकीचे गप्प बसले. मग नवख्या माणसाला वाटेल की हा खेळ अगदी सोपा आहे! मोबाइलवर जे दिसते ते असेच असते. उत्तम सुरुवात मिळालेल्या खात्याचे चित्र सगळे एकमेकांना पाठवतात. टाकून दिलेल्या खात्यांचे चित्र कोणी पाठवत नाही. सोलापुरी चादर घेताना आपण दुकानदाराने वर ठेवलेली घडी पाहून थांबत नाही, सबंध चादर उलगडून पाहतो. तोच बाणा आकड्यांच्या बाबतीतही हवा.

निवड आणि परीक्षा

मग रीरोल वाईट का? सरसकट नाही. आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याची दोन कामे पाहा. पुढच्या हंगामासाठी बी राखताना तो टपोरी, भरलेली कणसे निवडतो आणि बाकीची सोडून देतो. हे योग्यच आहे, कारण त्याला चांगले बी हवे आहे. पण पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासताना तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. येथे न उगवलेले दाणे त्याने हळूच काढून टाकले, तर उगवण शंभर टक्के भरेल आणि शेत मात्र विरळ उगवेल.

पहिले काम निवडीचे आहे, दुसरे परीक्षेचे. वस्तू हवी असेल तर पुन्हा पुन्हा निवडण्यास हरकत नाही; वेळेचा हिशेब ठेवला म्हणजे झाले. सत्य हवे असेल, तर पडलेले प्रत्येक दान मोजले पाहिजे.

हा भेद प्रयोगशाळेत विसरला जातो, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरणाचे ‘उत्तर’ ९.८१ आहे, हे पुस्तकात आधीच वाचलेले असते. मग निरीक्षण ९.७४ आले की ते खोडरबराने पुसायचे, ९.९ आले की पुन्हा घ्यायचे, आणि ९.८१ आले की ते वहीत उतरवून घरी जायचे. हा रीरोलच नव्हे काय?

यातली गंमत पुढेच आहे. ९.८१ हे सुमारे ४५ अंश अक्षांशावरील, समुद्रसपाटीचे मूल्य. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे, म्हणून विषुववृत्ताकडे जावे तसे हे मूल्य कमी होते. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. येथे गणिताने हे मूल्य सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. म्हणजे जो विद्यार्थी ९.७८ पुसून ९.८१ ची वाट पाहतो, तो आपल्या गावचे सत्य पुसून परगावचे उत्तर वहीत लिहितो!

हा फरक हाताने मोजता येईल का? एक मीटर लांबीच्या दोलकाच्या २० आंदोलनांना ९.७८ धरून ४०.१८ सेकंद लागतात आणि ९.८१ धरून ४०.१२ सेकंद. सहा शतांश सेकंदांचा हा फरक बोटाने दाबायच्या स्टॉपवॉचवर एका निरीक्षणात कळणार नाही. पण १०० आंदोलने मोजली तर तो तीन दशांश सेकंदांवर जातो. लांबी मात्र मिलिमीटरपर्यंत अचूक हवी, कारण लांबीतील तीन मिलिमीटरची चूक हा सगळा फरक गिळून टाकते. अशी अनेक निरीक्षणे घेऊन, एकही न पुसता त्यांची सरासरी काढली, तर सोलापूरचा आकडा हळूहळू दिसू लागतो. निवडून घेतलेल्या निरीक्षणांतून तो कधीच दिसणार नाही, कारण तेथे निसर्गाऐवजी आपणच उत्तर देत असतो.

थोरामोठ्यांच्या वह्या

हा मोह फक्त विद्यार्थ्यांनाच होतो असे नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारे रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ च्या शोधनिबंधात ५८ तैलथेंबांची निरीक्षणे दिली आणि हे थेंब निवडक नसून सलग ६० दिवसांत अभ्यासलेले सर्व थेंब आहेत, असे म्हटले. १९२३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे विज्ञानाचे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्यांच्या वह्या तपासल्या, तेव्हा त्यांत बऱ्याच अधिक थेंबांच्या नोंदी सापडल्या. त्यांतील काही थेंब वगळण्यास रास्त कारणे होती आणि मिलिकन यांचे उत्तरही सत्याच्या जवळ होते. तरीही ‘सर्व’ हा शब्द तेथे खरा नव्हता.

औषधांच्या चाचण्यांत तर हा प्रश्न जिवाशी येतो. निरुपयोगी औषधाच्या वीस चाचण्या घेतल्या, तर एखादी निव्वळ योगायोगाने यशस्वी भासू शकते. तेवढीच छापली आणि एकोणीस कपाटात ठेवल्या, तर रोग्याची फसवणूक होते. म्हणून चाचणी सुरू करण्यापूर्वीच तिची जाहीर नोंद करावी, अशी पद्धत जगभर रूढ झाली. आपल्या देशात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. डाव मांडण्यापूर्वीच तो मांडल्याचे सांगितले की मग गुपचूप मोडता येत नाही, इतकी साधी ही युक्ती आहे.

ही युक्ती शाळेच्या प्रयोगवहीतही वापरता येईल. किती निरीक्षणे घेणार ते प्रयोगापूर्वी लिहावे. निरीक्षण पेनाने लिहावे. दोरा सरकला, आंदोलन मोजायचे राहिले, अशा खऱ्या कारणाने निरीक्षण वगळायचे असेल, तर त्यावर एकच रेघ ओढून शेजारी कारण लिहावे. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, गुण पुस्तकातील उत्तराशी जुळण्याला न देता निरीक्षणांच्या प्रामाणिक नोंदीला आणि चुकीच्या कारणमीमांसेला द्यावेत. ९.८१ ला पूर्ण गुण आणि ९.७४ ला शून्य, अशी आपलीच पद्धत असेल, तर मुलांच्या हाती खोडरबर आपणच देतो.

मित्रहो, सुटीत खेळ खेळताना चांगल्या सुरुवातीसाठी दोन-चार वेळा डाव मोडलात, तर त्यात काही बिघडत नाही. घड्याळाकडे मात्र लक्ष असू द्या. पण दोलकापुढे उभे राहाल तेव्हा पडेल ते दान वहीत लिहा. निसर्गाशी मांडलेल्या पटावर रडीचा डाव चालत नाही.