एकाच औषधाची दोन नावे

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी ताप आणि अंगदुखीसाठी माझ्याकडे आले. मुलगा अमेरिकेत, बडोद्याच्या मराठी घरांतून हे आता नवलाचे राहिलेले नाही. त्याने ठेवून दिलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या ते दोन-दोन करून दिवसातून तीनदा घेत होते. ताप उतरेना, म्हणून त्यांत आपल्याकडील ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांची भर पडली. एका वेष्टनावर अ‍ॅसिटॅमिनोफेन, दुसऱ्यावर पॅरासिटामॉल. औषध एकच! प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. गुरुजींची बेरीज ५.६ ग्रॅम होत होती. सुदैवाने दुसराच दिवस होता आणि यकृताच्या चाचण्या ठीक आल्या. "नावे निराळी, म्हणून औषधे निराळी असे समजलो," ते म्हणाले. भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे हे अनुमान चूक तरी कसे म्हणावे?

वस्तुतः ही दोन्ही नावे पॅरा-अ‍ॅसिटिलअमिनोफिनॉल या एकाच रासायनिक नावातून कातरून काढलेली आहेत. कात्री तेवढी निरनिराळ्या जागी लागली. रसायनशास्त्राच्या नियमांप्रमाणे सिद्ध केलेले नाव रेणूची रचना सांगते खरे, पण ते चिठ्ठीवर कोण लिहिणार? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ साली औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिने पॅरासिटामॉल हे नाव स्वीकारले. अमेरिकेने आपलेच ठेवले. या नावांची शेपटी औषधाचे कूळ सांगते. 'ओलोल' दिसताच दमेकऱ्याच्या चिठ्ठीवर हात थांबावा, 'प्रिल' दिसताच कोरड्या खोकल्याची आठवण व्हावी. लिनीअसने १७५३ साली वनस्पतींना जी द्विनाम पद्धती लावली, तीत हेच कूळ आधी येते, हजेरीपटात आडनाव आधी यावे तसे. तिची गरज आयुर्वेदीय सहकाऱ्यांना सांगायला नको. ब्राह्मी मागितली तर कोणी बकोपा मोनिएरी देतो, कोणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी.

इतकी सोय हाताशी असता आपण चिठ्ठीवर केवळ कंपनीने ठेवलेले नाव लिहितो, हे मला पटत नाही. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने आचारसंहितेत दुरुस्ती करून मूळ नाव सुवाच्य लिहिण्यास सांगितले होते. त्यावर दर्जाचा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. स्वस्त औषधांबाबत मीही साशंक असतो. परंतु दर्जाची शंका हे नाव झाकण्याचे कारण होऊ शकत नाही. मूळ नाव वर, कंपनीचे हवे तर खाली लिहावे, आणि रुग्णाला वाचता येईल अशा लिपीत, मग ती देवनागरी असो वा गुजराती. मुले परदेशी असतील तर तिकडचे नावही सांगावे. दम्याचे साल्बुटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते, हे किती घरांना ठाऊक असेल?

गुरुजींनी मात्र त्याच दिवशी अमेरिकेच्या बाटलीवर पट्टी चिकटवून वळणदार अक्षरांत लिहिले: पॅरासिटामॉलच.