वाढीव तास कोणाच्या खाती?

गेल्या कार्तिकातील गोष्ट. सत्तरीच्या एक आजी निद्रानाशाची तक्रार घेऊन आमच्या चिकित्सालयात आल्या. मूळची झोप उत्तम. परंतु पंधरवड्यापासून अंथरुणावर पडल्यावर डोळा लागेना, सकाळी डोके जड आणि तोंड कडवट. आम्ही पादाभ्यंग सांगितला, निजताना म्हशीचे दूध सांगितले, एक चूर्णही दिले. आठ दिवसांनी पाहतो तो उतार नाही. तेव्हा जे पहिल्याच दिवशी विचारावयास हवे होते ते विचारले, "निजता किती वाजता?" आजी म्हणाल्या, "लेकाचा फोन झाल्याबिगार मी पाठ टेकत नाही, डॉक्टर. न्यू जर्सीत असतो त्यो. इतकं दिवस साडेनऊला फोन यायचा, आता साडेदहाला येतोय. तिकडं घड्याळं मागं घेतलीत म्हणं."

निदान हाती आले. मुलगा तिकडच्या दुपारी बारा वाजता जेवणाच्या सुटीत फोन करी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे गेली. त्याचे बारा बाराच राहिले, आजींचे साडेनऊचे साडेदहा झाले. मुलाला एका रविवारी एक तास अधिक झोप मिळाली. आजींचा मात्र रोज एक तास जाऊ लागला आणि तो मार्चपर्यंत जाणार होता. आम्ही चूर्ण थांबविले आणि मुलास तासभर आधी फोन करण्याचा निरोप धाडला. आठवडाभरात झोप पूर्ववत झाली. निदानपरिवर्जनाचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात क्वचितच आले असेल.

युरोप-अमेरिकेतील बहुतेक देशांत वसंतात घड्याळे एक तास पुढे करतात आणि शरदात मागे घेतात. जर्मनीने १९१६ साली महायुद्धात इंधन वाचविण्यासाठी ही पद्धत प्रथम देशभर लागू केली. शरदातील त्या रविवारी लोक तासभर अधिक झोपतात, सावकाश न्याहारी करतात, आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद होतो. आम्ही त्या आनंदास हसणार नाही. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबरीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हणणारे शास्त्र शिकलेल्याने हसूही नये. स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घड्याळे पुढे नेल्यानंतरच्या दिवसांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले, तर शरदातील बदलानंतरच्या सोमवारी ते काहीसे घटलेले आढळले. एका तासाच्या झोपेचे मोल इतके आहे. तथापि शरदात हाती येणारा तो तास वसंतात काढून घेतलेलाच असतो. मुद्दल परत मिळाले म्हणून मिळकत वाढली असे कोणी म्हणत नाही.

हा प्रयोग आपल्याकडेही होऊन गेला आहे, हे नव्या पिढीच्या वैद्यांना कदाचित ठाऊक नसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ रोजी हिंदुस्थानची प्रमाणवेळ एक तास पुढे नेण्यात आली आणि १५ ऑक्टोबर १९४५ रोजी ती पूर्ववत झाली. म्हणजे त्या वर्षी दसऱ्याच्या आगेमागे शासकीय घड्याळांनी देशाला एक तास परत केला. त्याआधी १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईकरांनी तिला मोठा विरोध केला होता. तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई वेळ' त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. आपले कोल्हापूरही सुमारे ७४.२ अंश रेखांशावर आहे आणि प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून मोजली जाते. एका अंशास चार मिनिटे धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या साधारण ३३ मिनिटे मागे चालतो. ज्याला आपण सकाळचे सहा म्हणतो, ते करवीरच्या आकाशात अद्याप साडेपाचही झालेले नसतात.

घड्याळ ही माणसांनी आपसांत केलेली सोय आहे, आणि ती हवीच. सूर्य मात्र त्या सोयीत सामील नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंबाबाईचा किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येऊन देवीच्या मूर्तीवर चढू लागतात, तेव्हा कोणत्याही सरकारी आदेशाने त्यांना तासभर आधी वा नंतर बोलाविता येत नाही. शरीरातील अग्नी आणि दोष हेही त्याच सूर्याचे मानकरी होत. देहातील दैनंदिन लयीची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्या दिनचर्येच्या अध्यायाकडे आधुनिकांनीही नव्या आदराने पाहावे असे आम्हांस वाटले.

खरे पाहता शरदानंतरचा वाढीव तास निसर्ग आपणांस दरवर्षी देतच असतो. कोल्हापुरात जूनअखेरची रात्र सुमारे अकरा तासांची असते, डिसेंबरअखेरची जवळजवळ तेरा तासांची. दोन तासांची ही वाढ सहा महिन्यांत विभागली तर रोज सरासरी ४० सेकंद होतात. वाग्भटाचार्यांनी ऋतुचर्येत हेमंताचे वर्णन करताना रात्री दीर्घ असल्याने माणूस सकाळीच भुकेला होतो, असे सांगितले आहे. ऋतुसंधीच्या पंधरवड्यात जुना विधी क्रमाने सोडावा आणि नवा क्रमाने धरावा, एकाएकी बदल केल्यास असात्म्यज रोग होतात, हेही त्यांचेच सांगणे. रोज ४० सेकंदांनी पुढे सरकणारा निसर्ग हा क्रम पाळतो. एका रात्रीत ६० मिनिटे सरकविणारे घड्याळ तो मोडते.

निसर्गाने दिलेला हा तास आपण काय करतो? येथे आम्हांस आमचाच दोष सांगितला पाहिजे. अनेक वर्षे आमच्या चिकित्सालयाच्या फलकावर 'सायं. ६ ते १०' असे होते. शेवटचा रुग्ण साडेदहाला जाई, जेवण अकराला, झोप साडेबाराला. अम्लपित्ताच्या रुग्णास 'सूर्यास्तानंतर लवकर जेवा' असे सांगताना आमच्याच खिशात अविपत्तिकर चूर्णाची पुडी असे. डिसेंबरात येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे आम्ही रात्रीचा पहिला प्रहर संपल्यावरही तासभर दुकान मांडून बसत होतो. पुण्यात अमेरिकी कंपन्यांसाठी संध्याकाळी काम करणाऱ्या मुलांची आम्हांस कीव येई. तिकडे घड्याळ मागे गेले की न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ येथे साडेसहाऐवजी साडेसातला वाजतात आणि ती मुले तासभर उशिरा घरी पोहोचतात. त्यांना निदान परदेशी मालक होता. आमच्यावर कोणाची सक्ती होती?

गेल्या मार्गशीर्षापासून आम्ही दर आठवड्याला पंधरा मिनिटे कमी करीत महिनाभरात नऊची वेळ गाठली. पहिले दोन महिने उत्पन्न घटले, हे लपविण्यात अर्थ नाही. शेजारचे औषध दुकानदार म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दिवा मालवला की माझंही गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातंय." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. उद्यमनगरातील आणि शिरोलीच्या कारखान्यांतील कामगारही आठनंतरच मोकळे होतात. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार आम्ही दहापर्यंतच ठेवले. होळीपर्यंत रुग्णांनी वेळ जुळवून घेतली. अविपत्तिकराची पुडी आता रुग्णांपुरतीच लागते.

एकट्याने केले तर तोटा एकट्याचा होतो, सर्वांनी केले तर तो कोणाचाच राहत नाही. म्हणून संघटनेने विचार करावा, अशी आमची सूचना आहे. कार्तिक ते माघ प्रत्येक पेठेतील वैद्यांनी आणि औषध दुकानदारांनी नऊला काम थांबवावे. कामगारांसाठी दोन वार राखून ठेवावेत. तातडीच्या गरजेसाठी पाळीपाळीने एक दुकान उघडे असावे आणि त्याचे नाव इतरांच्या दारावर लिहिलेले असावे. दुकानदार बंधूंना आणखी एक विनंती. पुडीवर 'सकाळी ८, रात्री ८' असे लिहिण्याऐवजी 'सूर्योदयानंतर', 'रात्रीच्या जेवणाआधी' असे लिहावे. शार्ङ्गधराने सांगितलेले पाच औषधकाल मुख्यतः सूर्य, भोजन आणि रात्र यांना धरून आहेत, काट्याला धरून नाहीत.

ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठीही शास्त्राने वाट ठेविली आहे. सवय नसता जागरण घडल्यास जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावे, असे वाग्भट सांगतात. जागरण न करणे मात्र याहून सोपे.

आजींचा मुलगा दिवाळीला येणार आहे. इकडे असेपर्यंत त्याला घड्याळ बदलावे लागणार नाही आणि आजींनाही फोनची वाट पाहत बसावे लागणार नाही. त्या पंधरा दिवसांत दोघेही लवकर निजोत. आपण वैद्यांनीही हा ऋतू तसाच घालवावा. रात्र मोठी होत आहे. त्यातला एखादा तास स्वतःच्या खाती जमा करावा.