टाईम प्लीज, शंभर जणांना

समजा, लिंक पेण तालुक्यातल्या जिते स्टेशनवर उतरला. लिंक म्हणजे ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जपानी व्हिडिओ गेमचा नायक. 1986 पासून मुलं त्याला घेऊन राक्षस मारत आली आहेत. त्याची एक जुनी सवय खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दिसेल त्या घरात तो न विचारता शिरतो, कोपऱ्यातली मडकी उचलून फोडतो आणि आत सापडलेले ‘रुपी’ नावाचे खडे खिशात टाकतो. घरातली माणसं सहसा त्याला काही म्हणत नाहीत.

जित्यात काय होईल? पहिल्याच दारात त्याला बूट काढायला लावतील. मग ओटीवर बसवून विचारतील, “कुणाचा रे तू? कुणाकडं आलास?” आडनाव, गाव, मामाचं गाव अशी चौकशी होईल. तोवर आतून पाण्याचा तांब्या येईल. आणि तो पुढच्या स्टेशनावर, हमरापूरला गेला तर? हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. अजून रंग न लागलेल्या मूर्ती ओळीनं उभ्या असतात, आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून ब्रश चालवत असतो. तिथं वस्तू फोडत फिरणाऱ्या नायकाला कुणी उंबरठ्याच्या आत घेणार नाही.

पण हाच लिंक भाद्रपदात आला तर सगळं बदलेल. गणपतीच्या दिवसांत पेण तालुक्यात कुणाच्याही घरात शिरता येतं. ओळख लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. दर्शन घ्यायचं, आरती चालू असेल तर टाळ्या वाजवायच्या, हातावर प्रसाद घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं. प्रत्येक घरात जावं आणि प्रत्येक घरातून काहीतरी मिळावं, हे गेमच्या नायकाचं स्वप्न आपल्याकडे वर्षातून काही दिवस काहीही न फोडता खरं होतं.

असे ‘अमुक झालं तर?’ प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. व्हिडिओ गेमबद्दल आपण मोठी माणसं बोलतो ते बंदीबद्दल किंवा व्यसनाबद्दल. 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जी मोबाईलवर बंदी आली तेव्हा बोललो, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना मनाई करणारा कायदा केला तेव्हा बोललो. तो कायदा हवाच होता. पण घरातल्या मुलाशी त्याच्या खेळाबद्दल बोलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती “ठेव तो मोबाईल” या वाक्याच्या पुढं जात नाही. “लिंक आपल्या घरी आला तर?” असं विचारून पाहा. मूल मान वर करतं, हसतं आणि तासभर बोलतं.

आग्रहाचं घ्या. गेममध्ये कुणी काही विचारलं की ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडायचं. एकदा निवडलं की संपलं. आपल्याकडे चहाला पहिल्यांदा म्हटलेलं “नको” कुणी धरत नाही. दुसरं “नको” म्हणजे “चालेल”, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत कप हातात आलेला असतो. असा खेळ कुणी केला तर? केला आहे, तोही 1986 मध्येच, जपानमध्ये. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सुटका झालेली राजकन्या नायकाला म्हणते, मला राजवाड्यात घेऊन चल. ‘नाही’ निवडलं की ती पुन्हा तेच विचारते. शंभर वेळा ‘नाही’ म्हणा, ती शंभर वेळा विचारते. ‘हो’ म्हणेपर्यंत कथा पुढं सरकत नाही. पंगतीत जिलबी वाढणाऱ्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

टेट्रिसमध्ये आडवी ओळ भरली की नाहीशी होते. दिवा-रोहा गाडीत तिघांचा बाक भरला की चौथा येतो आणि “जरा आत सरका” म्हणतो. मॉस्कोत 1984 मध्ये टेट्रिस रचणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी या गाडीतून प्रवास केला असता तर खेळाचे नियम काय झाले असते, हा प्रश्न आपट्यापासून जित्यापर्यंत सहज पुरतो.

कात्सुया एगुची यांची गोष्ट मात्र मला खरीखुरी हलवून गेली. नोकरीसाठी ते चिबा सोडून दूर क्योतोला गेले. घरचे आणि मित्र मागं राहिले. ते एकटेपण मनात घेऊन त्यांनी ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा खेळ घडवला, 2001 मध्ये तो जपानमध्ये आला. त्यात शत्रू नाही, मारामारी नाही. एक गाव आहे आणि शेजारी आहेत. खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. बरेच दिवस तिकडं फिरकला नाहीत तर गावात तण माजतं आणि शेजारी विचारतात, होतास कुठं इतके दिवस? त्यात गणपती आले तर? मुंबई-पनवेलला कामाला गेलेली सगळी मंडळी दीड दिवसासाठी का होईना परततील, बंद घरांची कुलपं निघतील. गाव सोडून गेलेल्या माणसानं केलेल्या खेळात हा सण अगदी शोभेल.

आता कच्चा लिंबू. लपाछपीत किंवा डोंगर का पाणी खेळताना सगळ्यांत धाकट्याला कच्चा लिंबू करतात. तो खेळतो, धावतो, पण आऊट होत नाही. गेममध्ये असं कुणी असतं तर? 2023 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये योशी किंवा नॅबिट घेऊन खेळलं की शत्रूच्या धक्क्यानं इजा होत नाही. आपल्या अंगणांना हे फार आधीपासून माहीत होतं. आपल्याकडे मात्र कच्चा लिंबू कोण हे बाकीची मुलं ठरवत, आणि तो मोठा झाला की त्याचा कच्चेपणा काढूनही घेत. कुठल्या गेमला हे जमलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न टाईम प्लीजचा. अंगणात बूड खाजलं, चप्पल तुटली, आईनं हाक मारली की हात वर करून “टाईम प्लीज” म्हणायचं. जग थांबायचं. कबड्डीत टाईम-आऊट मिळतो. बुद्धिबळात तर पुढची चाल पाकिटात बंद करून डाव दुसऱ्या दिवसावर ठेवण्याची पद्धत कित्येक वर्षं होती. ऑनलाईन गेममध्ये अशी सोय असती तर? पब्जीची भारतीय आवृत्ती असलेल्या बीजीएमआयमध्ये शंभर खेळाडू एकाच बेटावर उतरतात आणि डाव साधारण अर्धा तास चालतो. त्यातल्या प्रत्येकानं वेगवेगळ्या वेळी जेवणासाठी पाच मिनिटं टाईम प्लीज घेतली तर पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त वेळ वाढेल. म्हणून तिथं पॉज नाही. मधेच उठलात तर तुमचा गडी मैदानात तसाच उभा राहतो, मारला जातो, आणि संघातले उरलेले तिघं अडचणीत येतात.

जेवायला हाक मारल्यावर “थांब ना, पॉज होत नाही” म्हणणारं मूल आपल्याला उद्धट वाटतं. ते खरं सांगत असतं. सोबत्यांना डाव अर्धा टाकून जाऊ नये हे आपणच त्याला शिकवलेलं आहे, आणि त्या क्षणी ते तेच पाळत असतं. ताट वाढून वाट पाहणाऱ्या आईचा हक्क त्यानं कमी होत नाही. म्हणून मोठ्यांनी चालू डाव संपू द्यावा आणि मुलांनीही जेवणाच्या वेळेआधी अर्धा तास नवा डाव सुरू करू नये. हे दोन्ही नियम घरात बसून, एकत्र ठरवता येतात.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. हाक मारण्याआधी मुलाच्या शेजारी जाऊन बसा, पडद्यावर किती जण उरले आहेत ते बघा आणि विचारा, “डाव संपायला किती वेळ आहे?” मग पानं घ्या.