दागिना हलव्याचा, चव गोंदाची

डिसेंबर आला की अंधेरीतल्या ऑफिसांत जिंजरब्रेडची घरं बांधायची टूम निघते. बांधा की, माझं काही म्हणणं नाही. आल्याच्या बिस्किटाच्या भिंती, आणि त्या जोडायला अंड्याचा पांढरा बलक अन् पिठीसाखर घोटून केलेलं आयसिंग. म्हणजे सिमेंटसुद्धा खाता येतं!

मग १४ जानेवारीच्या सुमारास आपण काय करतो? बोरिवलीच्या नाहीतर मुलुंडच्या बाजारातून हलव्याच्या दागिन्यांचा तयार सेट आणतो. नीट बघा कधी. बऱ्याच सेटांत पुठ्ठा, सोनेरी कागद, प्लॅस्टिकचे मणी, आणि त्यावर गोंदाने चिकटवलेला हलवा. बोरन्हाणात हे घालायचं कोणाला, तर दिसेल ते तोंडात टाकणाऱ्या पोराला! फोटो झाले की "अरे, खाऊ नको ते" म्हणून हार ओढून घ्यायचा. अहो, मग हलवा तरी कशाला? थर्माकोलचे मणी घाला, स्वस्त पडतील.

हलवा घरी करणं सोपं नाही, कबूल. मंद आचेवर तीळ किंवा खसखस, त्यावर चमचा चमचा पाक, आणि हात सतत फिरता. काटा यायला दिवस जातात. (वीकेंड प्रोजेक्ट नव्हे हा :-)) पण हलवा सुटा विकत मिळतो. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून हार करायला गोंद लागत नाही, एक संध्याकाळ लागते. तेवढा वेळ आपल्याला बिस्किटाच्या छपरावर बर्फ पाडायला मिळतो. मुंबईत. बर्फ!

निदान यंदा दुकानदाराला विचारा, यातलं काय काय खाता येतं? हसला तर पुढचं दुकान गाठा.